पॉलिएनिलफॉस्फॅटिडिलकोलीन (पीपीसी)

सोयाबीनच्या लेसिथिनमधून शुद्ध करून मिळवलेले एक फॉस्फोलिपिड. यकृतात चरबी साठणे (फॅटी लिव्हर) आणि दारूमुळे होणारे यकृताचे विकार यांवरचे औषध म्हणून ते अनेक वर्षे पारखले गेले. माकडांत ते गुणकारी ठरले. माणसांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र त्याचा प्रभाव सिद्ध झाला नाही.

उगम : सोयाबीनच्या कच्च्या तेलात गरम पाणी मिसळले की त्यातला चिकट भाग फुगून वेगळा होतो. तो वाळवला की लेसिथिन मिळते. चॉकलेटच्या वेष्टनावर ‘इमल्सिफायर ३२२’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, ते हेच. पीपीसी हा त्याचाच शुद्ध केलेला अंश. त्यातला जवळजवळ निम्मा भाग डायलिनोलिऑइलफॉस्फॅटिडिलकोलीन (डीएलपीसी) या एकाच प्रकाराचा असतो.

कार्य : यकृत आपल्याकडची चरबी सूक्ष्म कणांत बांधून रक्तात पाठवते. या कणांचे बाहेरचे आवरण प्रामुख्याने फॉस्फॅटिडिलकोलीनचे असते. ते कमी पडले की माल तयार, पण बांधायला पोते नाही, अशी गत होते आणि चरबी यकृतातच साचते. याचा सुगावा टोरांटोत लागला. स्वादुपिंड काढून केवळ इन्शुलिनवर जगवलेल्या कुत्र्यांची यकृते चरबीने भरत. आहारात लेसिथिन दिले की हे टळे. त्यातला कामाचा घटक कोलीन आहे, हे इन्शुलिनच्या शोधातले एक मानकरी चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये दाखवले.

बॅबूनवरील प्रयोग : दारू यकृताला थेट इजा करते, केवळ कुपोषणामुळे नव्हे, हे ठासून मांडणारे चार्ल्स लीबर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात संशोधन करत. त्यांनी बॅबून माकडांना द्रवरूप आहारातून वर्षानुवर्षे दारू दिली. काहींच्या आहारात पीपीसीही घातले. प्रयोग साडेसहा वर्षांपर्यंत चालला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पीपीसी न मिळालेल्या १२ माकडांपैकी १० जणांच्या यकृतात तंतूंचे पडदे तयार झाले आणि त्यांतल्या दोघांना सिरॉसिस झाला. पीपीसी मिळालेल्या आठांपैकी एकाचीही मजल तिथवर गेली नाही.

माणसांवरील चाचणी : या यशानंतर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ७८९ मद्यपींवर चाचणी झाली. ते रोज सरासरी १६ ‘ड्रिंक’ घेत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एकाला पीपीसी आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब मात्रा, दोन वर्षे दिली गेली. कोणाला काय मिळते हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. सुरुवातीला सुईने यकृताचा तुकडा काढून तपासला होता. दोन वर्षांनी तीच बायॉप्सी ४१२ जणांची झाली.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात तंतुमयतेच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मेख दुसरीकडेच होती. व्यसनमुक्तीच्या नेहमीच्या कार्यक्रमाला जायला बहुतेकांनी नकार दिला होता. म्हणून परिचारिका आणि डॉक्टर भेटीगणिक त्यांच्याशी थोडा वेळ बोलत. तेवढ्यानेही दोन्ही गटांतले पिणे रोज अडीच ड्रिंकच्या आसपास उतरले. माकडांची दारू चालूच होती, माणसांची आटली. त्यामुळे प्लासिबोच्या गटातही आजार फारसा पुढे सरकला नाही आणि औषधाला आपला गुण दाखवायला जागाच उरली नाही. चाचणीचे निकाल दोन शोधनिबंधांत मांडले गेले. त्यांतला पहिला औषधाविषयी नव्हे, तर या घटलेल्या पिण्याविषयी होता.

सद्यःस्थिती : सोयाबीनच्या फॉस्फोलिपिडांच्या कॅप्सूल काही देशांत आजही विकल्या जातात. दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिले औषध मंजूर केले ते मार्च २०२४ मध्ये. रेस्मेटिरॉम नावाचे हे औषध यकृतातील थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवर काम करते आणि आहार-व्यायामाच्या जोडीनेच ते घ्यायचे असते.