अटलांटिकच्या आडोशाने: दोघांच्या नौकेचा जलमार्ग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, व्हर्जिनियातील नॉरफोकपासून फ्लोरिडातील मायामीपर्यंत सुमारे 1,090 मैल जाणाऱ्या ‘अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे’ या जलमार्गावर दर शरद ऋतूत दक्षिणेची वाट धरणाऱ्या छोट्या नौकांवर बहुधा दोनच माणसे असतात आणि ती पुष्कळदा निवृत्त पती-पत्नी असतात. खाड्या, नद्या आणि वाळूच्या लांबट बेटांआडचे शांत पाणी कालव्यांनी सांधून घडलेला हा मार्ग मुळात मात्र व्यापार आणि युद्ध यांच्या निकडीतून निर्माण झाला.

उत्तर कॅरोलिनातील केप हॅटरस या भूशिरापाशी उष्ण गल्फ प्रवाह आणि उत्तरेचे थंड पाणी एकमेकांना भिडतात, सरकत्या वाळूचे दांडे दूरवर समुद्रात पसरतात आणि त्यांवर आजवर शेकडो जहाजे फुटली आहेत. हा धोका टाळण्यासाठी अर्थमंत्री आल्बर्ट गॅलाटिन यांनी 1808 च्या अहवालात असे मांडले की, किनाऱ्यावरील चार ठिकाणच्या भूपट्ट्या कापल्या तर बहुतेक सगळा प्रवास समुद्राबाहेरून न करता आतून होऊ शकेल. चार वर्षांनी ब्रिटनशी युद्ध जुंपले, ब्रिटिश आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली आणि गॅलाटिन यांच्या सूचनेचे मोल सर्वांना कळले. तरीही ती पुरती अमलात येण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

या चार ठिकाणांपैकी डिस्मल स्वॉम्प या दलदलीतील कालव्याचे काम अहवालापूर्वीच, 1793 मध्ये सुरू झाले होते आणि 1805 मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. तो खोदला मालकांकडून भाड्याने घेतलेल्या गुलामांनी, कमरेएवढ्या चिखलात उभे राहून. याच कालव्यावर मालाच्या नावा चालवणाऱ्या मोझेस ग्रँडी या गुलामाने स्वातंत्र्याची किंमत तीनदा भरली, कारण पहिल्या दोन वेळा पैसे घेऊनही मालकांनी त्याला फसवले. लग्नानंतर काही महिन्यांतच त्याची पत्नी विकली गेली. विकलेल्या गुलामांच्या तांड्याबरोबर तिला नेले जात असताना त्याने पाहिले आणि त्यानंतर ती त्याला कधीच भेटली नाही, असे 1843 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनात नमूद आहे. आज जोडपी ज्या पाण्यावरून निवांत जातात, त्याच्या इतिहासात या वियोगाला पहिले स्थान दिले पाहिजे.

पुढील बांधकामाची हकीकत थोडक्यात सांगता येते. खाजगी कंपन्यांनी कालवे खोदून पथकर वसूल केला, पण रेल्वेपुढे त्यांचा धंदा टिकला नाही; संघराज्य सरकारने 1913 पासून ते विकत घेऊन पथकर रद्द केला आणि 1936 मध्ये दक्षिण कॅरोलिनातील शेवटचा दुवा पूर्ण झाला. 1942 मध्ये जर्मन पाणबुड्या हॅटरससमोर जहाजे बुडवत असताना तेल आणि इतर माल तराफ्यांसारख्या सपाट मालनौकांतून याच मार्गाने सुरक्षित जात होता.

हाच मार्ग पुढे जोडप्यांच्या सोयीचा झाला, कारण आडोशाचे पाणी आणि लहान इंजिन यांमुळे नौकेवरील माणसांची गरज घटली. खुल्या समुद्रात रात्रंदिवस पहारा द्यावा लागतो. येथे संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकता येत असल्याने एकाने सुकाणू धरावे आणि दुसऱ्याने नकाशा, दोर व पूल उघडणाऱ्याशी होणारे बोलणे सांभाळावे, एवढी वाटणी पुरते. जलपाशात, म्हणजे दारे मिटून पाण्याची पातळी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कोठडीत, दोन्ही टोकांचे दोर एकाच वेळी सैल किंवा ताठ करावे लागतात आणि तेथे या वाटणीची खरी कसोटी लागते. डिस्मल स्वॉम्पच्या दक्षिणेस असलेल्या एलिझाबेथ सिटी या गावात 1983 मध्ये फ्रेड फिअरिंग आणि जो क्रेमर यांनी धक्क्याला लागणाऱ्या नौकांवरील स्त्रियांना गुलाबाचे फूल देऊन स्वागत करण्याची प्रथा सुरू केली. जोडप्यांच्या प्रवासाने गावाच्या लोकाचारात मिळवलेले हे स्थान कोणत्याही सरकारी कागदापेक्षा बोलके आहे.

सरकारी हिशेबात मात्र जोडप्यांच्या या प्रवासाला जागा नाही. नॉरफोकपासून फ्लोरिडातील फोर्ट पिअर्सपर्यंत बारा फूट खोली राखण्याचे ठरलेले असले, तरी गाळ उपसण्याचा निधी मुख्यतः मालवाहतुकीच्या वजनावर ठरतो आणि मालवाहतूक घटल्याने जॉर्जियासारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी नौका रुतण्याइतके पाणी उथळ होते. फ्लोरिडाने किनारी जिल्ह्यांत स्वतंत्र कर बसवून आपला भाग खोल ठेवला आहे. इतर राज्यांतून जाणाऱ्या जोडप्यांना भरतीचे वेळापत्रक पाहूनच नांगर उचलावा लागतो.