पारा किती चढला?

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेच्या टोकाला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटावर बसायचे, अशी आमच्या कोकणातली रीत आहे. दिवाळी अंकात मी तापाचा विषय काढतो आहे, तेव्हा वाचकांनी या लेखाला ते कारीट समजावे. शिवाय ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरी चकल्या तळता तळताही कुणाचा तरी हात त्या मुलाच्या कपाळाकडे जातच असतो. त्या हाताचीच ही हकीकत आहे.

मी राहतो भांडुपला, पश्चिमेकडच्या टेकडीवर. रिक्षा खालच्या नाक्यापर्यंतच येते. पुढे पायऱ्या. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमची धाकटी दीड वर्षाची असताना तिला एका रात्री ताप भरला. यंत्र लावले तर आकडा एकशे चार! माझ्या हातापायांतले बळच गेले. तिला उचलली, पायऱ्या उतरलो आणि डॉक्टरांना झोपेतून उठवले. तोवर तापाच्या औषधाचा डोस पोटात गेला होता. डॉक्टर तपासू लागले, तर कन्या त्यांच्या गळ्यातली नळी ओढून हसते आहे! वाटीभर पाणीही ती प्यायली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आकडा मोठा आहे, पण आजार लहान दिसतो. बरं केलंत आणलीत ते. आता घरी न्या, आणि तिच्याकडे लक्ष ठेवा."

दोन दिवसांत ताप गेला. डॉक्टरांचे शेवटचे वाक्य मी विसरलो आणि पहिले तेवढे लक्षात ठेवले. एकशे चार म्हणजे काही नाही, तर मग एकशे एक म्हणजे काहीच नाही, असे गणित मी मनाशी मांडून टाकले.

पुढे दोन महिन्यांनी, भर पावसाळ्यात, तिला पुन्हा ताप आला. एकशे एक. रात्री एकच्या सुमारास पत्नीने मला हलवले. "अहो, ही पाणी घेत नाही. आणि हिचं पोट बघा, कसं उडतंय."

"एकशे एक तर आहे! सकाळी बघू," मी म्हणालो.

माझ्या आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या, अंगारा लावला होता. तीही म्हणाली, "एवढ्या पावसात कुठं नेता लेकराला?" घरातली दोन मोठी माणसे एका बाजूला झाली, म्हणजे निकाल लागलाच. पत्नी काही बोलली नाही. मूल मांडीवर घेऊन बसून राहिली. तीनच्या सुमारास मला जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजाने. तिने मुलीला शालीत गुंडाळले होते आणि कुणालाही न विचारता ती पायऱ्या उतरत होती. मी छत्री घेऊन तिच्यामागून धावलो.

न्यूमोनिया निघाला. इस्पितळात पाच दिवस काढले, त्यातले पहिले दोन प्राणवायूच्या नळीवर. "अशी केव्हापासून आहे?" असे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, तेव्हा पत्नीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "रात्रीपासून." एक वाजल्यापासून, असे ती म्हणाली नाही. ते दोन तास तिने माझ्या पदरात घातले नाहीत. पण ते माझ्यापाशीच आहेत.

मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलगी घरी आली, पण तो आकडा डोक्यातून जाईना. त्या आकड्याला एवढा मान दिला कुणी? शोधू लागलो, तेव्हा कळले की हा मान फार जुना नाही.

पाऱ्याचा तापमापक फारेनहाइटने १७१४ साली केला, पण वैद्यकात तो रुजायला दीडशे वर्षे गेली. लाइपझिगच्या कार्ल वुंडर्लिख या डॉक्टराने सुमारे २५ हजार रोग्यांच्या तापाच्या नोंदी करून १८६८ साली ग्रंथ लिहिला. निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश, म्हणजे आपले ९८.६, हे त्याने रूढ केले. त्या काळचे तापमापक हातभर लांब असत आणि आकडा स्थिर व्हायला वीस मिनिटे लागत. इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबटने १८६६-६७ च्या सुमारास ते सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणले, आणि पारा डॉक्टरांच्या खिशात, पुढे आपल्या कपाटात येऊन बसला. आता पाराही गेला आणि टुकटुक वाजणारे यंत्र आले. तरी आम्ही विचारतो ते "पारा किती चढला?" असेच. गंमत अशी, की ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे दाखवून देण्यात वुंडर्लिखचाच मोठा वाटा होता. त्याचा आकडा आम्ही घेतला आणि शिकवण तिथेच ठेवली.

पाऱ्याच्या आधी काय होते? आपल्याकडे देवी होती. ताप आला, अंगावर फोड उठले, की घरात देवी आली. मग दारी कडुलिंबाचा डहाळा लागायचा, फोडणी बंद व्हायची, आणि औषध देणे म्हणजे देवीचा कोप ओढवून घेणे असे मानले जायचे. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्या रोगावर कुणापाशीच औषध नव्हते, त्याला देवी म्हणून मूल सांभाळत बसणे, एवढेच आईच्या हातात होते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात ही लस लागू पडलेले हे पहिले मूल. तिच्या दंडावरची लस मग पुढच्या मुलांना दिली गेली. मराठी माणसाने या टोचण्यालाही "देवी काढणे" असेच नाव दिले. शेवटी १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आमच्या आईच्या दंडावर त्या टोचणीची खूण अजून आहे. ज्या हाताने अंगारा लावला, त्याच हातावर!

पण औषध आले म्हणून आईला ते आणायचा अधिकार आला, असे झाले नाही. आमच्या भांडुपच्या स्टेशनावर उभा राहिलो की मला एक कथा नेहमी आठवते. मुंबईहून ठाणे-कल्याणकडे आगगाडी न्यावी, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या भेटीतच सुचली, असे सांगतात. गाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत धावली आणि १८५४ साली कल्याणला पोचली. त्याच कल्याणात १८६५ साली यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. आगगाडी दारात आली होती, पण चौदा वर्षांच्या आईला "डॉक्टर आणा" असे म्हणता येईल, आणि म्हटले तर ते कुणी ऐकेल, अशी गाडी अजून निघायची होती. त्या दुःखातून आनंदीबाई समुद्रापार गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्याच साली मुंबईत बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. आनंदीबाई मात्र पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या.

दहा वर्षांनी प्लेग आला. ताप आलेल्या माणसाला सक्तीने उचलून नेत. नेलेला परत येईलच असे नसे. लोक इस्पितळाला इतके भ्याले, की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. घरोघरी ताप लपवला जाऊ लागला. अशा दिवसांत पुण्याजवळ मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा प्लेगाने आजारी पडल्याचे सावित्रीबाई फुले यांच्या कानी आले. त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तेव्हा पासष्ट ओलांडलेल्या. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हा धडा मी वर्गात पुष्कळदा शिकवला होता. त्या पावसाळ्यानंतर शिकवायला उभा राहिलो, तेव्हा डोळ्यांपुढे आमच्या पायऱ्या आल्या आणि मला मध्येच पाणी प्यावे लागले.

आता माझ्या दोन तासांचे उत्तर. ते मला सापडले गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांत पाहिले, की लहान मुले न्यूमोनियाने जातात आणि डॉक्टर मैलोगणती दूर असतो. त्यांनी गावच्या दाया आणि आरोग्यसेवक तयार केले. जिला आकडे मोजता येत नव्हते, तिच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असे साधे साधन केले. मुलाचा श्वास बघायचा आणि मणी सरकवायचे. श्वास जलद असेल तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. या प्रयोगाने न्यूमोनियाचे बालमृत्यू पुष्कळ घटले आणि १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात तो छापून आला. मॅट्रिक झालेल्या मास्तराला जे दिसले नाही, ते निरक्षर दाईला दिसत होते. कारण ती मुलाकडे पाहत होती आणि मी यंत्राकडे.

आमच्या घरचा नियम आता असा आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ इतका ताप आला तरी रात्र असो की पाऊस, तडक डॉक्टर. त्याहून मोठ्या मुलाचा आकडा जरूर पाहावा, एकशे चारला डॉक्टरांना दाखवावेही, पण आकडा कमी आहे म्हणून निजू नये. मूल पाणी किंवा दूध घेते का? पोटात गेलेले सारे उलटून टाकते का? सहा-आठ तासांत लघवी झाली का? हाक मारली तर डोळे उघडून बघते, की मलूल होऊन पडते? मान ताठली आहे का? अंगावर दाबूनही न पुसले जाणारे लाल-जांभळे ठिपके आहेत का? मूल शांत असताना घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजावा. वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस, आणि दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत पन्नास किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. झटका आला तर मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा हुंगवू नये, आणि डॉक्टरांकडे न्यावे. यातले काही नसले तरी ताप तीन दिवसांपुढे जाऊ देऊ नये. मुंबईच्या पावसाळ्यात तर त्याआधीच हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे. आणि डेंग्यू मोठा लबाड! त्यात ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो. म्हणून ताप उतरला तरी मूल मलूल असेल, पोट दुखत असेल, ओकत असेल, तर पुन्हा दवाखाना गाठावा.

हे सारे जुने झाले, असे कुणी म्हणू नये. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवराची साथ आली आणि भांडुपमधले एक आठ महिन्यांचे बाळही तिच्यात गेले. गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. ते बाळ त्या वयाला पोचलेच नव्हते. त्याचे रक्षण आजूबाजूच्या मोठ्या मुलांच्या लशींनी करायचे होते. माणसाच्या उंबरठ्यावरचा ताप एकट्या घराचा कधीच नसतो, तो टेकडीवरच्या साऱ्या दारांचा असतो.

नियमाचे शेवटचे कलम आमच्या आईने घातले आहे. ती म्हणाली, "जिच्या मांडीवर मूल आहे, तिनं जायचं म्हटलं की जायचं. इतरांनी छत्री घ्यायची." तेव्हापासून आमच्या दाराशी खुंटीला एक छत्री कायम अडकवलेली असते, उन्हाळ्यातसुद्धा. आता दिवाळीची साफसफाई करताना धाकटीने ती काढून माळ्यावर टाकली आणि मला विचारले, "बाबा, पाऊस तर संपला, ही इथे कशाला?"

मी ती माळ्यावरून काढली आणि परत खुंटीला लावली. का, ते तिला सांगायचे अजून राहिले आहे. हा अंक हाती आला, की तिलाच वाचायला देईन.