लेडी व्हॉल्सची वाटचाल

1974 साली टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची जबाबदारी 22 वर्षांच्या एका मुलीवर येऊन पडली. पॅट समिट विद्यापीठाच्या गावी, नॉक्सव्हिलला आल्या होत्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, सोबत साहाय्यक प्रशिक्षकाचं काम करायला. मुख्य प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि संघ समिट यांच्या हाती आला. मानधन महिना 250 डॉलर. खेळाडूंचे गणवेश त्या स्वतः धुवायच्या, परगावी जाताना व्हॅनही त्याच चालवायच्या. एकदा तर सामन्याच्या आदल्या रात्री सगळा संघ प्रतिस्पर्ध्यांच्याच जिममध्ये मॅट अंथरून झोपला. पहिला सामना मर्सर विद्यापीठाशी झाला, आणि तो एका गुणाने गेला.

मुलींच्या खेळावर खर्च करावा असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करणारा कायदा 1972 साली आला होता, पण कायदा मैदानापर्यंत पोचायला वेळ लागतो. समिट यांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या तालुक्यात हलवलं. पुढे प्रशिक्षकपद सांभाळतानाच त्या 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. 1984 साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी शिकवलेल्या अमेरिकी संघाने सुवर्ण जिंकलं.

विद्यापीठाच्या महिला संघाला, म्हणजे 'लेडी व्हॉल्स'ना, राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते मात्र त्यांच्या तेराव्या हंगामात, 1987 साली. लुइझियाना टेकवर 67-44. एवढी वर्षं धीर धरणारी संस्था आणि न खचणारी प्रशिक्षक, दोघींचंही मला कौतुक वाटतं. त्यानंतर आणखी सात विजेतेपदं आली. 1996 ते 1998 सलग तीन, आणि त्यातल्या शेवटच्या हंगामात 39 पैकी 39 सामने जिंकले. बचाव आणि रिबाउंड यांत त्या कधी सूट देत नसत. चुकलेल्या खेळाडूवर रोखलेली त्यांची नजर तर सगळ्या देशाला ठाऊक झाली होती.

माझ्या लेखी त्यांचं सर्वात मोठं काम वर्गातलं आहे. तास बुडवायचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, असा दंडक होता. त्यांच्याकडे खेळण्याची पूर्ण मुदत संपवलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. 38 वर्षांत एकही अपवाद नाही! 1098 विजयांचा आकडा मोठाच, पण या मुलींच्या आयुष्यात ती पदवी जास्त टिकली.

2011 साली, 59व्या वर्षी, त्यांना अल्झायमरचं निदान झालं. त्यांनी ते लपवलं नाही, आणखी एक हंगाम शिकवलं. 2012 मध्ये संघ हॉली वॉर्लिक यांच्याकडे गेला. या त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्या साहाय्यक राहिलेल्या. 2016 साली समिट गेल्या.

त्याआधीच विद्यापीठाने इतर महिला संघांचं 'लेडी व्हॉल्स' हे नाव काढून टाकायचं ठरवलं होतं. समिट यांच्या कार्याचा मान म्हणून ते फक्त बास्केटबॉलला ठेवलं. माजी खेळाडू आणि चाहते गप्प बसले नाहीत. 2017 साली ते नाव सर्व महिला संघांना परत मिळालं.