मंदकाचे पेटंट आणि कलम २०

समजा, वर्धा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी १९७५ साली एका धातूच्या हायड्राइडपासून अणुभट्टीसाठी उत्तम मंदक बनवण्याची रीत शोधून काढली असती. तिचे पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतले 'एकस्व', मिळावे म्हणून त्यांनी मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे अर्जही केला असता. पुढे काय झाले असते? अर्ज फेटाळला गेला असता. रीत जुनी होती म्हणून नव्हे, ती चालत नव्हती म्हणूनही नव्हे. ती अणुऊर्जेशी संबंधित होती, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे होते.

हे असे का, हे समजून घ्यायचे तर आधी मंदक म्हणजे काय ते पाहू. युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्राचे विखंडन झाले की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांची सरासरी ऊर्जा सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ते अतिशय वेगवान असतात. परंतु पुढचे विखंडन घडवायला मंद न्यूट्रॉन कितीतरी अधिक कार्यक्षम ठरतात. तेव्हा न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा, पण त्याला स्वतः गिळून न टाकणारा पदार्थ लागतो. कॅरमच्या पटावर एक सोंगटी दुसऱ्या स्थिर सोंगटीवर समोरासमोर आदळली, तर पहिली जवळजवळ जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. तीच सोंगटी पटाच्या कडेवर आदळली, तर तशीच परत येते. टक्कर समान वस्तुमानाच्या वस्तूशी झाली की ऊर्जा सर्वांत जास्त हस्तांतरित होते. न्यूट्रॉनच्या वस्तुमानाचा जोडीदार म्हणजे प्रोटॉन, अर्थात हायड्रोजनचे केंद्रक. विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन खोलीच्या तापमानाला शोभेल इतका मंद व्हायला हायड्रोजनशी सरासरी १८ टकरा पुरतात, कार्बनशी मात्र ११४ च्या आसपास लागतात. हे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेता येते, आणि घ्यावेच.

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती रोममध्ये, ऑक्टोबर १९३४ मध्ये. एन्रिको फर्मी आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या धातूंवर न्यूट्रॉनचा मारा करून कृत्रिम किरणोत्सर्ग निर्माण करीत होते. लाकडी टेबलावर प्रयोग केला तर संगमरवरी टेबलापेक्षा परिणाम जास्त येतो, असे त्यांच्या ध्यानात आले. फर्मींनी मध्ये पॅराफिनचा, म्हणजे मेणाचा, ठोकळा ठेवून पाहिला आणि चांदीतला किरणोत्सर्ग कित्येक पटींनी वाढला. लाकूड आणि मेण या दोहोंत हायड्रोजन भरपूर असतो. प्रयोगशाळेचे प्रमुख कॉर्बिनो हे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी या तरुणांना पेटंट घ्यायला लावले आणि २६ ऑक्टोबरला, म्हणजे शोधानंतर आठवड्याच्या आतच, इटलीत अर्ज दाखल झाला. अमेरिकेत हे पेटंट २ जुलै १९४० रोजी मंजूर झाले. त्याचा क्रमांक २२,०६,६३४. विखंडनाचा शोध लागण्यापूर्वीच जगातल्या जवळजवळ सर्व अणुभट्ट्यांच्या मुळाशी असलेली कृती अशा रीतीने कागदावर नोंदली गेली होती. अमेरिकी शासनाने तिचा वापर युद्धकाळात मुक्तहस्ते केला. मोबदल्याचा प्रश्न मात्र १९५३ पर्यंत रेंगाळला आणि शेवटी तीन लाख डॉलरवर मिटला. मधल्या काळात, १९५० साली, सहसंशोधकांपैकी ब्रूनो पाँटेकोर्व्हो सोव्हिएत संघात निघून गेले होते, त्यामुळे प्रकरण आणखीच नाजूक झाले होते.

त्याच १९३४ साली लंडनमध्ये लिओ झिलार्ड यांनी शृंखला-अभिक्रियेच्या कल्पनेचे पेटंट मागितले. त्यांचा हेतू अगदी उलटा होता. कल्पना कोणाच्या हाती पडू नये म्हणून १९३६ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले आणि ते १९४९ पर्यंत प्रसिद्धच झाले नाही. पेटंट या शब्दाचा मूळ अर्थ 'उघडे', 'खुले' असा आहे. शोधकाने आपली युक्ती सर्वांना समजेल अशी लिहून द्यायची, आणि त्या बदल्यात शासनाने त्याला काही वर्षे मक्तेदारी द्यायची, हा तो करार. अणुऊर्जेच्या क्षेत्रात हा करार पहिल्या वर्षापासूनच डळमळीत होता, हे झिलार्डच्या उदाहरणावरून दिसते.

आता धातूंच्या हायड्राइडांकडे वळू. पाणी हा स्वस्त आणि चांगला मंदक आहे. १९५६ साली तुर्भ्याला सुरू झालेल्या 'अप्सरा' अणुभट्टीत तोच होता. पण पाणी १०० अंशांना उकळते, आणि ते त्यापुढे द्रवरूपात ठेवायचे तर जाड पोलादी पात्र व प्रचंड दाब लागतो. झिर्कोनियम हा धातू तापवून हायड्रोजनच्या संपर्कात आणला, तर तो वायू अक्षरशः शोषून घेतो. प्रत्येक झिर्कोनियम अणूमागे १.६ हायड्रोजन अणू, असे हायड्राइड सहज मिळते. एक घन सेंटिमीटर पाण्यात हायड्रोजनचे सुमारे ६.७ × १०^२२ अणू असतात, या हायड्राइडात सुमारे ५.९ × १०^२२, आणि खुद्द द्रवरूप हायड्रोजनमध्ये फक्त ४.२ × १०^२२! घन धातूसारख्या तुकड्यात द्रव हायड्रोजनपेक्षा जास्त हायड्रोजन मावतो, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात; शिक्षकही होतात. शिवाय पाणी जिथे केव्हाच वाफ झाले असते, अशा कित्येक शे अंश तापमानालाही हा हायड्रोजन मोठ्या दाबाच्या पात्राशिवाय धातूच्या जाळीत टिकून राहतो. टायटॅनियमचे हायड्राइड यापेक्षाही दाट, पण टायटॅनियम झिर्कोनियमच्या तीसपटींहून अधिक न्यूट्रॉन गिळतो. झिर्कोनियमच्या खनिजात हाफ्नियम मिसळलेले असते, ते तर त्याहून खादाड. म्हणून ते आधी काढून टाकावे लागते.

एवढ्या माहितीवर पेटंट परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहू. अर्जदार म्हणतो, 'झिर्कोनियम हायड्राइडचा मंदक म्हणून वापर हा माझा शोध.' परीक्षक प्रथम विचारणार, हे नवीन आहे का? हायड्रोजनयुक्त पदार्थांनी न्यूट्रॉन मंद होतात, हे फर्मींच्या १९३४ च्या अर्जात आले आहे. मग दुसरा प्रश्न: नवीन असले, तरी त्या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचले नसते का? येथे खरी कसोटी लागते. 'पाण्याऐवजी हायड्राइड' एवढेच म्हणणे असेल तर जाणकार खांदे उडवील. पण हायड्राइडामुळे असे काही घडत असेल, की जे पाण्याने घडलेच नसते, तर गोष्ट वेगळी.

अशी गोष्ट प्रत्यक्षात घडली. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सॅन डिएगो येथे जनरल ॲटॉमिक कंपनीने काही शास्त्रज्ञ जमवले. एडवर्ड टेलर यांचा आग्रह असा, की शाळकरी मुलांच्या हाती खेळायला दिली तरी धोका होणार नाही अशी भट्टी करा. नियंत्रक दांडे एकदम उपसले, तरी भट्टीने आपणहून शांत व्हावे. फ्रीमन डायसन आणि सहकाऱ्यांनी त्यावर उपाय काढला तो असा, की हायड्रोजनचा मोठा वाटा पाण्यात न ठेवता इंधनातच, युरेनियम आणि झिर्कोनियम हायड्राइडच्या मिश्रणात, ठेवायचा. भट्टी भडकली की इंधन तापते. पाणी तापायला वेळ लागतो, पण इंधनातला हायड्रोजन त्याच क्षणी तापतो. जाळीच्या पिंजऱ्यात थरथरणारे हे अणू न्यूट्रॉनला थंड करण्याऐवजी उलट ऊर्जा देऊ लागतात, न्यूट्रॉनचा वेग वाढतो, विखंडने घटतात आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात शक्ती खाली येते. ही 'ट्रिगा' भट्टी ३ मे १९५८ रोजी सुरू झाली. टेलर (थिओडोर, एडवर्ड नव्हे), मॅक्रेनल्ड्स आणि डायसन यांच्या नावे तिचे अमेरिकी पेटंट १९६४ मध्ये मंजूर झाले. पदार्थ माहीत होता, हायड्रोजन न्यूट्रॉनला मंद करतो हेही माहीत होते. नवीन होता तो परिणाम. अशा साठहून अधिक भट्ट्या जगभर उभ्या राहिल्या. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे १९८६ मध्ये एक सुरू झाली, भारतात एकही नाही. झिर्कोनियम हायड्राइडचा मंदक घेऊन १९६५ साली 'स्नॅप-१०ए' नावाची छोटी अणुभट्टी अवकाशातही गेली आणि ४३ दिवस चालली.

(जाता जाता एक सांगायला हवे. हेच झिर्कोनियम हायड्राइड जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत शत्रू ठरते. झिर्कोनियमच्या दाबनलिका वर्षानुवर्षे हायड्रोजन शोषतात, हायड्राइडचे फोड येतात आणि नळी ठिसूळ होते. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या पिकरिंग येथे अशीच एक नळी फाटली.)

अमेरिकेत हे पेटंट मिळू शकले, कारण १९४६ चे कडक निर्बंध १९५४ च्या कायद्याने शिथिल करून बंदी मुख्यतः शस्त्रांपुरती ठेवली होती. आपल्याकडे दिशा उलटी होती. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम २० ने सांगितले, की केंद्र शासनाच्या मते अणुऊर्जेचे उत्पादन, नियंत्रण, वापर किंवा विल्हेवाट यांच्याशी संबंधित असलेल्या शोधाला पेटंट द्यायचेच नाही. पेटंट नियंत्रकाला शंका आली तर त्याने अर्ज केंद्र शासनाकडे पाठवावा, तेथील निर्णय अंतिम. सरकारी संस्थेत लागलेला शोध शासनाचाच मानावा. खाजगी शोधकानेही आपला शोध शासनाला कळवावा, आणि परदेशात अर्ज करायचा तर आधी परवानगी घ्यावी. १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ४ ने हीच बंदी पुन्हा नोंदवली. म्हणजे आपल्या काल्पनिक प्राध्यापकांच्या अर्जात वर केलेली सारी चर्चा, नवीनता काय आणि जाणकाराला काय सुचते, याला काही अर्थच उरला नसता. इतर रसायनांच्या बाबतीत तेव्हा पदार्थाला नाही तरी निदान रीतीला पेटंट मिळे. येथे तेही नाही.

वर्ध्याच्या वाचकांना यावरून एक जुनी गोष्ट आठवेल. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. शोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर त्याचा हक्क संघाच्या स्वाधीन करावा, अशी त्यात अट होती. शोध लोकांचा असावा ही भावना १९६२ च्या कायद्यामागेही होती, असे मला वाटते. फरक एवढाच, की चरखा संघाने शोधकापुढे लाख रुपये ठेवले होते.

कलम २० वर टीका करणे सोपे आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बंदी सर्वांना सारखी होती. परदेशी कंपन्यांनाही अणुभट्टीविषयी भारतात पेटंट मिळू शकत नव्हते. त्यामुळे तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांना परदेशातील छापील पेटंटे वाचून, कोणाला स्वामित्वशुल्क न देता, काम करण्याची मोकळीक होती. जागतिक व्यापार करारानंतर आपला पेटंट कायदा २००५ पर्यंत अनेकदा बदलला. कलम ४ मात्र टिकले, कारण त्या करारातच विखंडनशील पदार्थांपुरती सुरक्षेची सवलत होती. तरीही गुप्ततेचे समर्थन मला पटत नाही. ट्रिगाचे पेटंट १९६४ पासून कोणीही वाचू शकत होते. जे ग्रंथालयात उघडे पडले आहे त्यात कोणी इथे सुधारणा केली, तर तिला दरवाजा बंद ठेवून कोणते गुपित राखले गेले? तोटा झाला तो प्रयोगशाळेबाहेरच्या शोधकाचा. विद्यापीठांत आणि लहान कारखान्यांत या विषयाकडे वळण्याचे एक कारण कमी झाले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा नवा अणुऊर्जा कायदा संमत केला. १९६२ चा कायदा रद्द करण्याची, आणि अणुऊर्जेच्या शांततामय वापरातील शोधांना पेटंट देता येण्याची तरतूद त्यात आहे. संवेदनशील विषय मात्र शासनाने आपल्या हाती ठेवले आहेत. देशातल्या पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था वर्ध्यापासून रेल्वेने दीड-दोन तासांवर, नागपूरला आहे. मंदक म्हणजे काय, जाणकाराला काय सहज सुचते आणि काय सुचत नाही, हे प्रश्न एवढी वर्षे तिथल्या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेरच राहू शकत होते.