पोटातला खडा

केस खायची सवय लागलेल्या मुलीच्या पोटातून केसांचा गोळा काढल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. मुलीची तक्रार ठरलेली असते: दोन घासांत पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

अशा न पचलेल्या गोळ्याला वैद्यकात बेझोअर म्हणतात. शब्द मूळचा फारसी, 'पादजहर'. त्यातलं जहर आपल्या ओळखीचं. बकऱ्यांच्या पोटात सापडणारे असे खडे विषावर उतारा मानले जात आणि सोन्याच्या भावानं विकले जात. गार्सिया द ओर्तानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात त्यांची दखल घेतली आहे. पुढे सतराव्या शतकात गोव्यातले जेझुइट हे खडे घडवूच लागले. शिंपले, अंबर, कस्तुरी, रत्नांचा चुरा यांचा गोळा वळायचा, वर सोन्याचा वर्ख. युरोपातले धनिक हे 'गोवा स्टोन' जाळीदार सोन्याच्या डब्यांत जपत आणि खरवडून पाण्यातून घेत.

१९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये 'कृत्रिम बेझोअर' हे शब्द पुन्हा दिसले. डेन्मार्कच्या निबेन आणि हार्बो यांना विषाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना हवी होती त्या मुलीची तक्रार, तीही लठ्ठ माणसात. म्हणून त्यांनी जठरात फुगा ठेवला.

अमेरिकेत १९८५ साली गॅरेन-एडवर्ड्स फुग्याला मंजुरी मिळाली: पॉलियुरेथेनचं नळकांडं, आत २२० मिलिलिटर हवा. त्याच्या कडा जठराला घासून व्रण पडत. हवा गेली की तो खाली सरके आणि आतड्यात अडके. १९८८ साली विक्री थांबली. त्याआधी, १९८७ साली, फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला जमलेल्या तज्ज्ञांनी चांगल्या फुग्याची लक्षणं लिहून काढली होती: गुळगुळीत, टिकाऊ, हवेऐवजी द्रवानं भरलेला, एक्स-रेत दिसणारा.

त्या बरहुकूम सिलिकॉनचा गोल फुगा आला. दुर्बिणीतून आत सोडायचा, ४०० ते ७०० मिलिलिटर सलाईन भरायचं, सहा महिन्यांनी काढायचा. सलाईनमध्ये मिथिलीन ब्लू मिसळतात. फुगा गळला तर लघवी निळी-हिरवी होते आणि रुग्णालाच आधी कळतं. आता तर कॅप्सूलसारखा गिळायचा फुगाही आहे. चारेक महिन्यांत त्याची झडप आपोआप उघडते, पाणी निघून जातं आणि रिकामी पिशवी शौचावाटे बाहेर पडते.

पोटातला गोळा काढल्यावर मुलगी पुन्हा अंग धरते आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खाण्याची रीत बदलली नसेल, तर फुगा काढल्यावरही तेच होतं. तिथे मात्र कोणी पेढे वाटत नाही.