शिवकल्याण राजा

शिवकल्याण राजा : छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने १९७४ मध्ये एचएमव्हीने काढलेली मराठी ध्वनिमुद्रिका. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, मुख्य स्वर लता मंगेशकर यांचा आणि निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. समर्थ रामदास, भूषण, गोविंदाग्रज, विनायक दामोदर सावरकर, कुसुमाग्रज आणि शंकर वैद्य अशा वेगवेगळ्या काळांतल्या कवींच्या रचना तिच्यात एका सूत्रात ओवल्या आहेत. मुख्य गायिका, तिच्यामागे गायकवृंद आणि सोबत वाद्यमेळ असा हा विस्ताराने मांडलेला गायनप्रयोग आहे. राजाच्या स्मरणार्थ मराठीत झालेल्या समूहसंगीतात या प्रयोगाच्या तोडीचे दुसरे काम दाखवणे कठीण आहे.

राजाच्या गौरवासाठी मोठा गायकवृंद आणि वाद्यवृंद उभा करण्याची चाल युरोपात जुनी आहे. ब्रिटनच्या दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी संगीतकार हँडेलने १७२७ मध्ये चार स्तोत्रे रचली. त्यांतले ‘झॅडॉक द प्रीस्ट’ तेव्हापासून ब्रिटनच्या प्रत्येक राज्याभिषेकात गायले गेले. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या वेळीही ते झाले. त्यात तंतुवाद्ये बराच वेळ श्रोत्याला वाट पाहायला लावतात आणि मग सगळा गायकवृंद एकदम उसळतो. दिवंगत राजासाठीही असे संगीत होई. सम्राट दुसरा जोसेफ १७९० मध्ये वारला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या बेथोव्हेनने त्याच्यावर शोकगान लिहिले. पण बेथोव्हेनच्या हयातीत ते कोणी सादरच केले नाही. या रचनांमध्ये एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीचे स्वर लावणारा गायकवृंद हाच मुख्य बोलणारा असतो. प्रजा, चर्च आणि राज्य यांची वाणी तो एकत्र उच्चारतो. मराठी मुलखातल्या राजस्तुतीची वाट निराळी आहे, आणि ‘शिवकल्याण राजा’ची घडण समजायला ती वाट आधी पाहावी लागते.

इथली राजस्तुती आधी दगडावर आणि काव्यात उमटली. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या धाकट्या शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. महाराष्ट्री प्राकृतातले त्याचे ‘हरिविजय’ काव्य आज पूर्ण मिळत नाही, पुढच्या काव्यशास्त्रकारांच्या उल्लेखांतून त्याची ओळख होते. याच शाखेचा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले आणि तिथल्या संस्कृत लेखात वाकाटकांच्या वंशाची प्रशस्ती घातली. वत्सगुल्माच्या नावावरून काव्यरीतीला ‘वच्छोमी’ हे नाव मिळाले, इतका या गावाचा साहित्यात दबदबा होता. पुढे तंजावरच्या मराठी राजांनी हीच परंपरा दूर दक्षिणेत चालवली. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. याच सरफोजींना युरोपीय संगीताची आवड होती, त्यांच्या दरबारात त्या वाद्यांचा बँड होता आणि युरोपीय स्वरलेखनाच्या प्रती त्यांनी जमवल्या होत्या.

गाऊन राजाचे गुण वर्णायचे ते काम मात्र शाहिरांकडे होते. अफजलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा हा आज मिळणाऱ्या पोवाड्यांतला सर्वांत जुना मानतात. तानाजी मालुसऱ्यांवरचा तुलसीदासाचा पोवाडा त्यानंतरचा. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि राजाला कुळवाड्यांचा, शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. पोवाड्यात शाहीर डफावर थाप देत कथा पुढे नेतो, तुणतुण्याचा सूर चालू असतो आणि मागचे झीलकरी त्याच्या ओळीचे शेवट उचलून धरतात. कीर्तनात टाळकरी हेच करतात, आरतीत सगळे घर हेच करते. एकाने उचलायचे आणि बाकीच्यांनी एकाच सुरात भरायचे, ही मराठी समूहगायनाची रीत. तिच्यात निरनिराळ्या स्वरपट्ट्यांचा मेळ नसतो. सगळ्यांचा मिळून एकच मोठा आवाज होतो.

राजाच्या अंगणातले दुसरे संगीत म्हणजे नगारा. रायगडावर राजसभेच्या दारावरच नगारखाना आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ ला गागाभट्टांच्या देखरेखीखाली राज्याभिषेक झाला, त्या वेळी या दारातून ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आत गेला. त्याने या दरबाराची हकीकत लिहून ठेवली आहे. वाशीम जिल्ह्यात नगाऱ्याचा मान वेगळ्या अंगाने टिकला आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थ, आणि संत सेवालाल महाराजांच्या उपासनेत नगाऱ्याला पहिली जागा आहे. तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाला ‘नंगारा’ हेच नाव दिले गेले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सत्ता आणि श्रद्धा यांनी एकच वाद्य वाटून घ्यावे, हे या मुलखाला साजेसेच आहे.

या पार्श्वभूमीवर १९७४ चे त्रिशताब्दी वर्ष आले. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर बाबासाहेब पुरंदऱ्यांनी शिवसृष्टी उभारली. तिच्या कल्पनेतूनच पुढे त्यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य आले. ‘शिवकल्याण राजा’ त्याच वर्षीची. या मुद्रिकेसाठी एखाद्या कवीकडून नवे दीर्घकाव्य लिहून घेता आले असते. युरोपात बहुतेक तसेच करतात. हृदयनाथांनी ते केले नाही. त्यांनी तीनशे वर्षांत राजावर मराठीत आणि ब्रज भाषेत जे उत्तम लिहिले गेले त्यातून निवड केली. या कामाचे अर्धे मोल त्या निवडीतच आहे, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. एका निमित्तासाठी लिहिलेले काव्य निमित्त सरले की बहुधा पडून राहते. हे शब्द मात्र आधीच लोकांच्या तोंडी होते, किंवा ओठांवर यायला आतुर होते.

यातला सर्वांत जुना थर रामदासांचा (१६०८–१६८२) आणि भूषणाचा. भूषण हा उत्तरेतल्या टिकवापूरचा कवी, महाराजांचा समकालीन. ‘शिवराजभूषण’ हा त्याचा अलंकारग्रंथ. राजाची एकेक कृती अलंकाराचे उदाहरण म्हणून त्यात मांडली आहे. मुद्रिकेत घेतलेला त्याचा छंद म्हणजे उपमांची रास आहे. देव आणि निसर्गातले बलवान आपापल्या शत्रूवर कसे पडतात ते एकामागून एक सांगत, शेवटी म्लेच्छांच्या वंशावर शिवराज तसे, असा तो जाऊन थांबतो. शेवटचा शब्द येईपर्यंत वाक्य पुरे होत नाही, म्हणून गाणाऱ्याला दम राखून धावावे लागते. लताबाईंचा आवाज त्या अनुप्रासांतून एकही अक्षर न सांडता निघतो. ब्रज भाषेतले हे काव्य मराठी मुलांना पाठ झाले ते मुख्यतः या चालीमुळे.

रामदासांच्या वाट्याला तीन प्रकारची सामग्री आली आहे : पीडित प्रजेचे दुःख, राजाच्या गुणांची माळ आणि ‘आनंदवनभुवनी’ हे स्वप्नचित्र. रामदास आणि शिवाजी महाराज यांची भेट केव्हा झाली, ती १६४९ ची की १६७२ ची, आणि त्यांचे नाते गुरुशिष्याचे होते का, यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे. मुद्रिका त्या वादात पडत नाही. समकालीन साधूच्या तोंडून राजाचे वर्णन ती घेते. त्या वर्णनाचे काव्य म्हणून मोल वादाच्या निकालावर अवलंबून नाही.

गोविंदाग्रजांचा, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचा (१८८५–१९१९), पाळणा या सगळ्यात वेगळा पडतो. जिजाबाई बाळाला निजवत आहेत आणि बाळ निजत नाही, एवढाच त्याचा विषय. एवढ्या पराक्रमाच्या कथेत अंगाई ठेवावी, हा मोठा विचार आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, जिजाबाईंनी पाचाडला देह ठेवला. हे ज्याला माहीत आहे त्याला राज्याभिषेकाच्या स्मृतीत हा पाळणा वेगळाच लागतो. चालही लढाईच्या गीतांपासून पूर्ण अलग, हळू आणि जवळची आहे.

कुसुमाग्रजांच्या (१९१२–१९९९) दोन कविता या मांडणीचा कणा आहेत, आणि दोन्हींत नायक राजा नाही. एक ‘पावनखिंडीत’. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बांदल मावळ्यांसह खिंड अडवून धरणारे जखमी बाजीप्रभू तिचे नायक. इथे चाल संथ आहे. मरण दारात आलेला माणूस राजा सुखरूप पोचल्याची तोफ ऐकण्यासाठी जीव धरून आहे, त्याच्या श्वासाच्या लयीत ती जाते. दुसरी कविता सेनापती प्रतापराव गुजरांची. उमराणीला हाती आलेल्या शत्रूच्या सरदाराला, बहलोलखानाला, प्रतापरावांनी सोडून दिले, त्यावर महाराजांनी खरमरीत शब्दांत ठपका ठेवला. तो जिव्हारी लागून प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीजवळ मोजक्या स्वारांसह खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि ठार झाले. त्यांच्यासोबत पडले असे मानलेल्या सहा जणांची म्हणून जी नावे सांगतात ती मागाहूनच्या परंपरेतून आली आहेत. कवितेने मात्र तो सातांचा आकडा मराठी मनात कायमचा कोरला. या प्रसंगानंतर साडेतीन महिन्यांत राज्याभिषेक झाला. सिंहासनाच्या आनंदात त्या सात जणांची आठवण न विसरणे, राजाच्या गौरवात राजासाठी मेलेल्यांना पुढच्या रांगेत बसवणे, ही या मुद्रिकेची थोरवी आहे. हँडेलच्या स्तोत्रांत अशा माणसांना जागा नाही.

सावरकरांचे स्तवन आणि त्यांनी लिहिलेली शिवरायांची आरती यांनी मांडणीला उपासनेचे रूप येते. शंकर वैद्यांचे गीत राज्याभिषेकाकडे शतकांच्या काळोखानंतरची पहाट म्हणून पाहते. गायकवृंदाला सर्वांत मोकळी जागा या शेवटच्या प्रकारच्या गीतांत मिळते.

संगीताच्या घडणीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, वीररसाच्या गाण्याचा मुख्य आवाज बाईचा आहे. पोवाडा हा पुरुषी, खड्या आवाजाचा प्रकार मानला जात होता. लताबाई त्या खडेपणाची नक्कल करत नाहीत. त्यांचा आवाज उंच, रेखीव आणि शांत राहतो. आवेश गायकवृंदाकडे आणि तालवाद्यांकडे जातो, गायिकेकडे अर्थ राहतो. दुसरी, गायकवृंद झीलकऱ्यांच्या जागी उभा आहे. तो मध्येच येतो, ओळ उचलतो, आणि प्रजेचा किंवा सैन्याचा आवाज होऊन मागे सरतो. वाद्यमेळ मोठा असला तरी मांडणीचा आत्मा मराठी राहतो तो यामुळे. हृदयनाथ हे उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य आणि मास्टर दीनानाथांचे पुत्र. नाट्यसंगीताची झेप आणि ख्यालाचा संथ विस्तार अशी दोन्ही घरांची देणगी त्यांच्या चालींत दिसते. चाली सोप्या नाहीत. स्वर अनपेक्षित उड्या मारतात, ओळ ठरलेल्या ठेक्यावर संपत नाही. शाळांच्या समूहगीत स्पर्धांत ही गाणी निवडणाऱ्या मुलांना ते चांगले ठाऊक असते.

पुरंदऱ्यांचे निवेदन गाण्यांना जोडते. त्यांची भाषा बखरीच्या वळणाची, आवाज कथेकऱ्याचा. त्यांच्या इतिहासलेखनावर पुढे टीका झाली आणि २०१५ मध्ये त्यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मोठे वादळ उठले. निवेदन ऐकताना ते लक्षात ठेवावे. घटनांच्या निकालासाठी साधनग्रंथ आहेत. निवेदनाचे काम गाण्याआधी प्रसंग डोळ्यांसमोर उभा करण्याचे आहे, आणि ते त्यांनी मनापासून केले आहे.

मुद्रिका ध्वनिफितींवर आणि नंतर तबकड्यांवर पुन्हा पुन्हा निघाली. हीच गाणी घेऊन याच नावाचे रंगमंचीय कार्यक्रम गायकवृंद आणि वाद्यमेळासह होत आले आहेत. विदर्भापासून कोकणापर्यंत शिवजयंतीला, मग ती १९ फेब्रुवारीची असो की फाल्गुन वद्य तृतीयेची, यातली गाणी लागतात.   २०२४ मध्ये राज्याभिषेकाला ३५० वर्षे पूर्ण झाली. पुरंदरे १५ नोव्हेंबर २०२१ ला आणि लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या, त्यामुळे तो टप्पा पाहायला दोघेही नव्हते.