दोन हातांची वांटणी : पट्टीच्या वाद्यांतील सप्तक आणि सीमा

पट्ट्यांच्या वाद्याचा इतिहास हा एका अर्थानें वादकाच्या दोन हातांच्या वांटणीचा इतिहास आहे. डाव्या हातानें काय करावें, उजव्यानें काय करावें, आणि कोणत्या हाताला कोणतें सप्तक द्यावें, हे प्रश्न आजच्या विद्युत् कीबोर्डावर दोन बटनांनीं सुटतात. एकास ‘स्प्लिट’ म्हणतात, दुसऱ्यास ‘ऑक्टेव्ह’. बटनें नवीं आहेत. त्यांमागील कल्पना मात्र चारशें वर्षांहून जुनी आहे.

सोळाव्या शतकांत स्पेनमधील ख्रिस्तमंदिरांतून जे ऑर्गन असत, त्यांपैकीं पुष्कळांस पट्ट्यांची एकच रांग होती. एका रांगेवर दोन हातांना दोन भिन्न ध्वनी कसे मिळावे? तेथील कारागिरांनीं प्रत्येक खुंटीचे डावा व उजवा असे दोन भाग केले. मधल्या सप्तकाची पांढरी एक आणि काळी एक यांच्यामध्यें सीमा पडली. मग एका हातानें ठसठशीत सुरावट आणि दुसऱ्यानें मृदु साथ, हें एकाच रांगेवर साधूं लागलें. फ्रान्सिस्को कोरेआ दे आराउखो याच्या १६२६ सालच्या ग्रंथांत अशा विभागलेल्या खुंट्यांसाठीं रचलेल्या अनेक चिजा आहेत.

सप्तकाचा हिशेब नळीच्या लांबीवरून होई. आठ फुटी नळ्यांच्या संचांत पट्टी आपल्या जागचाच स्वर देते. चार फुटी संचांत तीच पट्टी एक सप्तक वर बोलते, व सोळा फुटी संचांत एक सप्तक खालीं. ही परिभाषा इतकी रुजली, कीं १९३५ सालीं बाजारांत आलेल्या हॅमंड ऑर्गनांत एकही नळी नसतां त्याच्या दांड्यांची ओळखही फुटांच्याच आंकड्यांनीं करून देतात.

पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यानें १८४२ सालीं हार्मोनियमची सनद घेतली. त्या वाद्यांत या दोन्ही कल्पना एकत्र आल्या. एकाच क्रमांकाच्या खुंटीस डावीकडे एक नांव व उजवीकडे दुसरें. पहिल्या क्रमांकास डावीकडे ‘कॉर आंग्ले’ तर उजवीकडे ‘फ्ल्यूट’, हे दोन्ही आठ फुटी. दुसऱ्यास ‘बूर्दों’ व ‘क्लॅरिनेट’, हे सोळा फुटी. तिसऱ्यास ‘क्लेरों’ व ‘फिफ्र’, हे चार फुटी. सीमा पांढरी तीन व पांढरी चार यांच्यामध्यें असे. भाता पायांनीं चाले, म्हणून दोन्ही हात मोकळे राहत.

हिंदुस्थानांत हें वाद्य आलें आणि मांडीपुढें बसलें. डावा हात भात्यावर गेला. वाजविण्यास उजवा तेवढा उरला. एका हाताला सीमेचा काय उपयोग? विभागणी आपोआप लोप पावली, पण सप्तकाची सोय टिकली. खर्ज आणि नर असे सुरांचे संच एकत्र बोलूं लागले. कपलरानें एक पट्टी दाबतां दुसऱ्या सप्तकांतील तिची जोडीदार आपोआप खालीं जाऊं लागली. मराठी संगीत रंगभूमीनें मात्र पायपेटी व ऑर्गन यांस जवळ केलें, म्हणून तेथें दोन हातांची विद्या जिवंत राहिली.

पुढें पेटीवर संकट आलें. तिचे स्वर बांधलेले, तिला मींड नाहीं, श्रुतींचें भान नाहीं, या आक्षेपांवरून १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओनें तिला बंदी केली. ती बंदी सुमारें तीन दशकें टिकली. वाद्यानें गळ्यामागें जावें कीं गळ्यानें वाद्यामागें, हा त्या वादाचा गाभा होता, आणि आजच्या अरेंजर कीबोर्डावर तोच प्रश्न पुन्हां उभा राहतो.

१९८३ सालच्या मिडी पद्धतीनें प्रत्येक स्वरास क्रमांक मिळाला. मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०. सप्तक बदलणें म्हणजे १२ मिळविणें किंवा वजा करणें. एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड ३६ पासून ९६ पर्यंत जातो. सीमा ५४ वर, म्हणजे काळी तीनवर, ठेवली आणि ती पट्टी डावीकडे धरली, तर डाव्या हातास १९ पट्ट्या व उजव्यास ४२ मिळतात. डावीकडील स्वरांवरून यंत्र स्वरसंघ ओळखतें आणि ताल व खर्जाची साथ त्याप्रमाणें फिरवितें.

आतां गायिकेचा षड्ज काळी चार, म्हणजे ५६, आहे असें धरूं. मंद्र पंचमासाठीं वादकाचा हात ५१ वर उतरतो. ती पट्टी सीमेच्या अलीकडची! गाणें चालू असतां साथ एकाएकीं भलत्याच स्वरसंघावर उडी मारते, आणि गायिकेचा स्वर डळमळतो. उपाय सोपा आहे. उजव्या भागाचें सप्तक एकानें खालीं करावें आणि हात एक सप्तक वर न्यावा. पट्टी ६८ दाबली कीं ५६ ऐकूं येतो. मंद्र पंचम ६३ वर सांपडतो, आणि तार पंचम ८७ वर. सीमा ओलांडण्याची पाळीच येत नाहीं. ‘ट्रान्स्पोज’ हें बटन निराळें. तें पट्टीमागचा स्वर अर्ध्या अर्ध्या स्वरानें सरकवितें. दोहोंची गल्लत करूं नये.

रागगायनांत स्वरसंघास स्थान नाहीं. तेथें स्वरसंघ ओळखण्याची यंत्रणा बंद करून डाव्या भागास तंबोऱ्याचा ध्वनी द्यावा. त्या पट्ट्या फार खालच्या असल्यानें त्यांचें सप्तक एकानें वर करावें; म्हणजे ४४ दाबतां तोच ५६ चा षड्ज घुमतो. भावगीतास स्वरसंघ शोभतो. ख्यालास तो बेडीसारखा होतो.

स्पेनमधील कारागिरानें सीमा घातली ती एकट्या वादकाचें सामर्थ्य वाढविण्यासाठीं. आज त्याच सीमेच्या बळावर एक वादक चार साथीदारांचें काम करतो, आणि ते चार घरीं बसतात. ही किंमत लहान नाहीं. ती देऊनही गाणाऱ्याचा षड्ज सोयीचा नसेल, तर सारेंच व्यर्थ. म्हणून कीबोर्डावर बसणारानें प्रथम गाणाऱ्याचा षड्ज विचारावा, त्याचा मंद्र आणि तार कोठवर जातो तें पाहावें, आणि मगच सीमा घालावी.